गादीवर शू केली म्हणून बोक्याला ओरडण्याआधी

अगं, तो सूड वगैरे उगवत नाहीये. आधी एकच बघ: लिटर बॉक्समध्ये (म्हणजे त्याच्या शी-शूच्या डब्यात, ज्यात लिटर म्हणजे वाळूसारखा भुगा असतो) सारखा जाऊन बसतोय, जोर करतोय, ओरडतोय आणि येतंय जेमतेम थेंबभर? तसं असेल तर पुढचं वाचू नकोस, रिक्षा बोलाव आणि थेट डॉक्टर गाठ. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते. ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं. ‘सकाळी बघू’ चालत नाही.

तसं नसेल तर डाग कुठे आहे ते बघ. चादरीवर मोठं थारोळं म्हणजे शू. भिंतीवर, पडद्यावर शेपटी थरथरवत मारलेली पिचकारी म्हणजे हद्द आखणं. नसबंदी केलीस की ते बहुतेकदा थांबतं.

आमचा बोका गणपतीआधी ढोल-ताशाचा सराव सुरू झाला की हमखास पायपुसण्यावर कार्यक्रम उरकायचा. बॉक्स होता ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनला खेटून. बाहेर ढोल, आत मशीनची घरघर. बसणार कसा बिचारा? बॉक्स आतल्या खोलीच्या कोपऱ्यात नेला, आठवड्याभरात पायपुसणं सुटलं. (ते फेकूनच दिलं म्हणा.)

सुगंधी लिटर आणलं असशील तर बदल, तो वास आपल्याला आवडतो, त्यांना नाही. शूने लिटरचे झालेले गोळे रोज काढ. मांजरं दोन असतील तर बॉक्स तीन. आणि फिनाइल मुळीच नको, मांजरांना ते विषारी असतं. एन्झाइमवालं क्लीनर आण, नाहीतर वासावर तो परत तिथेच जाईल.