वाचकांचे प्रश्न: मोबाईलची स्क्रीन किती रुंद धरायची?

प्रश्न : क्लासची वेबसाइट नव्याने करून घेत आहोत. डिझायनरने ३७५ रुंदीवर आराखडा दिला आहे. माझ्या फोनच्या खोक्यावर मात्र १०८० बाय २४०० लिहिलंय. खरा आकडा कोणता धरायचा? (कॉलेज रोड, नाशिक)

उत्तर : खोक्यावरचा आकडा पडद्यावरच्या प्रत्यक्ष ठिपक्यांचा असतो. ब्राउझर पानाची मांडणी त्यावर करत नाही, तो सीएसएस पिक्सेलमध्ये, म्हणजे वेबपानाच्या मांडणीच्या एककात मोजतो. अशा एका पिक्सेलच्या रुंदीत किती ठिपके बसतात, ते फोनचं गुणोत्तर. तुमच्या फोनचं गुणोत्तर ३ असेल, तर १०८० भागिले ३, म्हणजे रुंदी ३६०. तेवढ्याच ठिपक्यांच्या दुसऱ्या एखाद्या फोनचं गुणोत्तर २.७५ असतं, तिथे रुंदी ३९३ होते, २.६२५ असेल तर ४११-४१२. आणि ७२० बाय १६०० चा स्वस्तातला फोन? त्याचं गुणोत्तर बहुतेक वेळा २ असतं, म्हणजे पुन्हा ३६०च. मांडणी ठरवताना फोनची किंमत किंवा ठिपक्यांची संख्या बघून उपयोग नाही.

३७५ ही २०१४ च्या आयफोन ६ ची रुंदी. आयफोन एक्सपर्यंत आणि नंतरच्या छोट्या मॉडेलांत ती टिकली, म्हणून बऱ्याच डिझाइन-साच्यांत अजून तीच दिसते. आयफोन १२ ते १४ च्या साध्या मॉडेलांत ती ३९० झाली, १५ मध्ये ३९३, आणि १६ प्रो मॅक्समध्ये ४४०. तुमचे विद्यार्थी आणि पालक मुख्यतः अँड्रॉइड वापरत असतील, तर ३७५ वर नेमकं बसवलेलं पान ३६० वर १५ पिक्सेलने कमी पडतं. ‘प्रवेश अर्ज भरा’ आणि ‘वेळापत्रक पाहा’ ही बटणं एका ओळीत ठेवली असतील, तर मोडतात ती तिथेच.

आमचं मत स्पष्ट आहे: आराखडा ३६० वर करायला सांगा, आणि ३२० वरही पान आडवं सरकवावं लागता कामा नये ही अट घाला. ३२० रुंदीचे फोन आता फारसे नाहीत, पण अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘डिस्प्ले साइज’ वाढवलं की ३६० चा फोन ३२० च्या आसपास येतो. चाळिशीच्या पुढचे पालक हे हमखास करतात. वेब सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकषही ३२० च धरतात.

हे सगळं चालायला पानाच्या कोडमधल्या ‘हेड’ भागात व्ह्यूपोर्टची (पान किती रुंद धरायचं ते फोनला सांगणारी) ओळ हवीच: ‘विड्थ’ला ‘डिव्हाइस-विड्थ’, ‘इनिशियल-स्केल’ला १. ती नसेल तर फोन पान ९८० रुंद समजतो आणि आक्रसून दाखवतो. अक्षरं मुंगीएवढी होतात. त्याच ओळीत ‘युजर-स्केलेबल’ला ‘नो’ दिलेलं दिसलं तर काढायला लावा. ज्याला बारीक दिसत नाही त्याची चिमटीने मोठं करण्याची सोय त्याने जाऊ शकते.

तपासणी घरीच करा. संगणकावर क्रोममध्ये पान उघडा, एफ१२ दाबा, मग कंट्रोल, शिफ्ट आणि एम एकत्र. वर ‘रिस्पॉन्सिव्ह’ निवडून ३६० टाका, मग कडा ओढत ३२० पासून ४४० पर्यंत सावकाश जा. जिथे काही तुटेल त्या रुंदीलाच मांडणीचा नियम बदलायचा. प्रत्येक फोनच्या मॉडेलसाठी वेगळा नियम लिहीत बसू नका.

प्रश्न : कांद्याच्या रोजच्या दरांचा सहा रकान्यांचा तक्ता टाकतो. मोबाईलवर तक्ताच नाही, अख्खं पान आडवं सरकतं. (लासलगाव)

उत्तर : हिशोब करून बघा. ३६० मधून दोन्ही बाजूंच्या समासाचे १६-१६ गेले, उरले ३२८. सहा रकाने म्हणजे प्रत्येकी ५५ सुद्धा नाहीत. ‘१,८५०’ त्यात मावतं, ‘सर्वसाधारण’ मावत नाही. आणि रकाना त्यातल्या सर्वांत लांब अखंड शब्दाहून अरुंद होत नाही. तक्ता फुगतो आणि पानाला ओढत नेतो.

तारीख सगळ्या ओळींत एकच असते, ती तक्त्याच्या वर घ्या. उरलेले पाच रकाने, म्हणजे वाण, आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण, एका वेगळ्या चौकटीत ठेवून तिला ‘ओव्हरफ्लो-एक्स : ऑटो’ द्या. मग फक्त तक्ता सरकेल. वाणाचा रकाना ‘पोझिशन : स्टिकी’ने डावीकडे चिकटवा, नाहीतर सरकवल्यावर दर लाल कांद्याचा की उन्हाळचा हे कळत नाही.

काही जण ‘बॉडी’लाच, म्हणजे अख्ख्या पानालाच, ‘ओव्हरफ्लो-एक्स : हिडन’ (बाहेर जाईल ते लपव) लावून मोकळे होतात. तसं अजिबात करू नका. शेवटचा रकाना कापला जातो, आणि शेतकरी बघायला येतो तो सर्वसाधारण दर नेमका त्यातच असतो.

प्रश्न : लॉजच्या साइटवर खोली बुक करायचं बटण तळाशी आहे. संगणकावर दिसतं, फोनवर अर्धं गायब. (पंचवटी)

उत्तर : उंची १०० व्हीएच, म्हणजे पडद्याच्या उंचीएवढी, दिलेली असणार. फोनचा ब्राउझर त्यात पत्त्याच्या पट्टीखालची जागाही मोजतो. त्याऐवजी १०० डीव्हीएच लिहा, ते त्या क्षणी खरोखर दिसणारी उंची धरतं. सफारी आणि क्रोम दोन्हींत ते २०२२ पासून चालतं. जुन्या फोनसाठी व्हीएचची ओळ त्याच्या आधी राहू द्या. बटण ४८ पिक्सेल उंच ठेवा. फॉर्ममधली अक्षरं १६ पेक्षा लहान नकोत, नाहीतर आयफोन रकान्यावर बोट ठेवताच पान मोठं करतो.

प्रश्न : पैठणीच्या दुकानाच्या साइटवर मराठी मथळ्यातली वेलांटी आणि रफार वरून कापले जातात. (येवला)

उत्तर : इंग्रजी साच्यात मथळ्याची ओळउंची १.१ किंवा १.२ असते. देवनागरीला वर-खाली दोन्हीकडे जागा लागते, मथळ्याला १.४, मजकुराला १.६ द्या. साच्यात ‘लेटर-स्पेसिंग’ असेल तर शून्य करा, त्याने शिरोरेषा तुटते.