'समलैंगिक भगिनी' म्हणे!

धुळ्याच्या एका वाचक ताईंनी विचारलंय: 26 एप्रिलच्या लेस्बियन दृश्यता दिनासाठी फलक रंगवायचाय, कुणीतरी 'समलैंगिक भगिनींचे स्वागत' असा मजकूर सुचवलाय, तर 'लेस्बियन'ला मराठीत समलैंगिक म्हणायचं की समलिंगी?

ताई, आधी ते 'भगिनी' पुसा. एकमेकींवर जीव जडलेल्या दोघींना बहिणी करून मोकळं व्हायची ही खोड डोक्यात जाते. पंचवीस वर्षं एका घरात, एका चुलीवर काढली तरी शेजारपाजार म्हणणार, 'बहिणीसारख्या राहतात हो!' बहिणी असं राहत नाहीत. वाटणीवरून भांडतात.

व्याकरणाचं झटपट उरकतो. 'समलिंगी' सरळ शब्द आहे. 'समलैंगिक'वर शुद्धिवाले डोळे वटारतात, कारण 'समलिंग'ला 'इक' प्रत्यय लावला तर वृद्धी (अ चा आ) पहिल्या स्वराची, म्हणजे 'सामलिंगिक' व्हायला हवं. 'सम' अधिक 'लैंगिक' असं धरा, मिटलं. पण हे दोन्ही शब्द पुरुषांनाही लागतात. बायकांपुरतं म्हणायचं तर 'लेस्बियन'च लिहा. एजियन समुद्रातल्या लेस्बॉस बेटावर इसवी सनापूर्वी सहाशेच्या सुमारास सॅफो नावाची कवयित्री होती. बायकांवरच्या प्रेमाच्या तिच्या कविता बहुतेक तुकड्यांतच उरल्या, पण त्यावरून बेटाचं नाव सगळ्या जगभरच्या बायकांना लागलं. पैठणी येवल्याला विणली तरी पैठणीच, तसं. 2008 मध्ये त्या बेटावरच्या तिघांनी 'शब्द आमचा' म्हणून अथेन्सच्या कोर्टात दावा लावला आणि हरले.

आमच्याकडचे एक निवृत्त प्राध्यापक भाषणात ठासून सांगतात की मराठीत याला शब्द नाही, सबब ही गोष्टच आपली नाही. सर, विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक 1981 चं. नायिका सुमित्रा, हाक मारायला 'मित्रा', आणि तिचा जीव एका मुलीवर. त्या नावातली गंमत कळायला मराठीच यावी लागते. (शेवटी तिला मारलं ते मला आजही पटत नाही.) नाटक नको असेल तर भुसावळला गाडीत बसा, इटारसीवरून भोपाळला उतरा. तिथं 1987 मध्ये लीला आणि उर्मिला या दोन महिला पोलिसांनी एकमेकींना हार घातले आणि नोकरी गमावली. डिसेंबर 1998 मध्ये दिल्लीत बायका 'इंडियन अँड लेस्बियन' असा फलक घेऊन रस्त्यावर उभ्या राहिल्या. मुंबईत तर 1995 पासूनच 'स्त्री संगम' हा अशा बायकांचा गट होता.

आणि शब्द नाही कसा? 'सई' आहे की! माझा सगळ्यात लाडका शब्द. संस्कृत सखी, महाराष्ट्री प्राकृतात 'सही', कारण दोन स्वरांमधला ख तिथं ह होतो, जसं नखाचं नह. पुढं ह गळाला, सई उरली. अनेकवचन सया. गाथासप्तशती या प्राकृत काव्यसंग्रहात बायका एकमेकींना 'सहि' म्हणूनच मन मोकळं करतात. अमरकोशात तर सखीला हाक मारायला 'हला' असा वेगळा शब्दच दिलाय! बंगालीतही सईच, आणि तिथं मुली रीतसर 'सई' जोडायच्या. आता माझं मत, कुणाला पटो न पटो. 'मैत्रीण' ही मित्राच्या दारातून आत येते. सई मराठीत एकटीच आली, तिच्यामागं 'सया' नावाचा कुणी पुरुष नाही. म्हणून लेस्बियन नात्याला अस्सल मराठी शब्द द्यायचाच तर सई. कोशवाले 'मैत्रीण' एवढाच अर्थ देऊन पुढं सरकतात. सरकू देत, त्यांना पानं भरायची असतात.

गंमत पुढं आहे. कागदावर करतो ती 'सही' अरबी 'सहीह'वरून आलेली, हिच्याशी काडीचा संबंध नाही. पण आमच्याकडं बोलताना तिचाही ह गळतो: 'आप्पा, इथं सई करा.' उच्चार एक, मुळं दोन. शेजारच्या गुजरातेत 1980 च्या दशकात 'मैत्रीकरार' नावाचा, सोबत राहायचा कागद निघायचा, त्यावर दोन बायकांनीही सह्या केल्याची नोंद आहे. लग्नाच्या रजिस्टरात मात्र दोन सयांच्या सह्या अजून चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं 6 सप्टेंबर 2018 ला दंडसंहितेच्या कलम 377 मधून समलिंगी संबंधांचा गुन्हा काढला, पण 17 ऑक्टोबर 2023 ला समलिंगी लग्नाला मान्यता द्यायचं नाकारलं.

जळगाव-धुळ्याकडं भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी गुलाबाई बसवतात. घरोघर गाणी, मग झाकलेला डबा वाजवून 'खाऊ ओळखा'. त्या गाण्यांत सासू, नणंद, भाऊ सगळे येतात. मला सई हवीय. अमळनेर, चोपडा, शिरपूर, कुठल्याही गावच्या आजीला 'सई' असलेली ओळ येत असेल, तर तिच्याच उच्चारात लिहून पाठवा. शुद्ध करून पाठवू नका.