पान्हा हाती घेण्यापूर्वी : घरगुती नळकामाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : साताऱ्याच्या शनिवार पेठेत आमचे वडिलोपार्जित घर आहे. सगळी पाइपलाइन जुनी, लोखंडी आहे आणि मोरीतला नळ सारखा ठिबकतो. अशी लहान कामे स्वतः करावीत असे वाटते. त्यासाठी घरात कोणती हत्यारे ठेवावीत? पुढे लोखंडी पाइप काढून प्लास्टिकचा टाकायचा झाल्यास काय काळजी घ्यावी?

उत्तर : आपल्या प्रश्नाचा शेवटचा भाग आधी घेतो, कारण तिथे जिवाशी गाठ आहे. जुन्या घरांमध्ये विजेच्या अर्थिंगची तार स्वतंत्र खड्ड्यात न नेता नळाच्या लोखंडी पाइपलाच आवळून टाकलेली पुष्कळदा आढळते. पाइप जमिनीतून गेलेला असल्यामुळे त्या काळी ही सोय पुरेशी मानली जात असे. अशा पाइपचा मधला तुकडा कापून तिथे प्लास्टिकचा पाइप बसवला, की अर्थिंगची वाट तिथेच तुटते. मग गीझरमध्ये किंवा धुण्याच्या यंत्रात कधी बिघाड होऊन वीज बाहेरच्या पत्र्यावर उतरली, तर तिला जमिनीत जायला मार्गच उरत नाही आणि ती घरातल्या प्रत्येक धातूच्या तोटीत येऊन थांबते. पाइप कापताना दोन टोके दोन हातांत धरणाऱ्याला विजेचा झटका बसू शकतो, तोही याच कारणाने. म्हणून करवत लावण्याआधी मीटरपासून मोरीपर्यंतचा जेवढा पाइप उघडा आहे तेवढा डोळ्यांखालून घालावा आणि त्याला कुठे हिरवी, तांब्याची किंवा जस्ती तार गुंडाळलेली आहे का, ते पाहावे. तार सापडल्यास परवानाधारक वायरमनकडून आधी स्वतंत्र अर्थिंग करून घ्यावे आणि मगच पाइपला हात लावावा. तार दिसली नाही, तरी काम संपेपर्यंत घराचा मेन स्विच बंदच ठेवावा, कारण भिंतीच्या आत काय बांधलेले आहे ते बाहेरून कळत नाही.

आता नळाचे. ठिबकणारा नळ काढण्याची बहुधा गरजच नसते. साध्या पिळाच्या नळात आतला रबरी वायसर झिजलेला असतो. वरची मूठ काढून, स्क्रू पान्ह्याने डोक्याचा नट सोडवून स्पिंडल, म्हणजे मुठीबरोबर फिरणारा आतला दांडा, बाहेर घ्यावा. त्याच्या टोकाचा वायसर बदलला की काम होते. वायसर नवा घालूनही पाणी थांबत नसेल, तर आतल्या पितळी बैठकीवर बोट फिरवून पाहावे. ती खरबरीत लागली, तर मात्र नळ बदलावा.

नळच काढायचा झाला, तर जुन्या लोखंडी जोडाशी बळजबरी करू नये, असे माझे कळकळीचे सांगणे आहे. बरीच वर्षे एकमेकांत बसलेले आटे गंजाने एकजीव झालेले असतात. नळाला दिलेला पीळ नळात न राहता मागच्या एल्बोपर्यंत, म्हणजे पाइपच्या काटकोनी जोडापर्यंत, जातो. माझ्या स्वतःच्या घरी मी एकाच पान्ह्यावर भार देऊन नळ फिरवला, तेव्हा भिंतीतला एल्बो आट्यांपाशी चिरला आणि एका नळापायी मोरीच्या चार फरश्या फोडाव्या लागल्या. त्यामुळे पाइप पान्हे दोन हवेत, साधारण १४ इंची. एकाने मागचा जोड घट्ट धरायचा आणि दुसऱ्याने पुढचा फिरवायचा. जोड गिलाव्यात गाडलेला असेल, तर आट्यांवर गंज सोडवणारे तेल टाकून रात्रभर थांबावे, सकाळी लाकडी ठोकळा मध्ये धरून हलके ठोके द्यावेत आणि नळ आधी किंचित आवळून मग उलटा सोडवावा. पाइप पान्ह्याचे दात चकचकीत नळावर ओरखडे पाडतात, म्हणून नळासाठी सपाट जबड्याचा दहा इंची स्क्रू पान्हाच वापरावा.

याखेरीज पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, कानस, मोजमापाची टेप, तारेचा ब्रश आणि हॅकसॉ, म्हणजे लोखंड कापायची करवत, एवढे घरात असले तरी पुरे. हॅकसॉच्या पात्याला इंचात २४ दात असावेत आणि पाते लावताना दात मुठीपासून पुढच्या बाजूला वळलेले असावेत, म्हणजे पुढे ढकलताना ते कापते. टेफ्लॉन टेप गुंडाळण्याआधी आटे ब्रशने स्वच्छ करावेत. आट्यांचे टोक आपल्याकडे धरून टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, प्रत्येक वेढा ताणून, गुंडाळावी. उलटी गुंडाळलेली टेप नळ फिरवताना गोळा होऊन बाहेर येते आणि जोड गळतो. जाड लोखंडी आट्यांवर अनेक जुने कारागीर आजही सफेदा (पांढरा लेप) आणि धागाच लावतात. नीट लावल्यास तोही जोड उत्तम टिकतो.

हातमोजे पकड सुटणार नाही असे, रबरी तळव्याचे घ्यावेत. डोळ्यांवर गॉगल मात्र न चुकता लावावा, कारण बेसिनखाली उताणे पडून नट सोडवताना गंजाची खपली सरळ डोळ्यात पडते. काम नळाला पाणी येण्याची वेळ टळल्यावर करावे आणि मीटरजवळची चावी बंद केल्यावर ती खरोखर पूर्ण बंद होते का, हे खालच्या नळावर पाहून घ्यावे. जुन्या चाव्या वरवर बंद दिसतात, पण पाणी सोडत राहतात.

प्रश्न : सांगलीत विश्रामबागला आमचे नवे घर आहे. गीझरकडे जाणाऱ्या पाइपचा सोल्युशन लावलेला जोड दोनदा सुटला. पाइप पांढरा आहे. चूक साहित्यात आहे की कामात?

उत्तर : पांढऱ्या रंगावरून तो यूपीव्हीसी पाइप असावा असे दिसते, आणि तसे असेल तर चूक साहित्यातच आहे. यूपीव्हीसी थंड पाण्यासाठी असतो, गरम पाण्याने तो मऊ पडतो. गरम पाण्यासाठी फिकट पिवळसर रंगाचा सीपीव्हीसी पाइप वापरतात, जो ९३ अंश सेल्सियसपर्यंतच्या पाण्यासाठी बनवलेला असतो. मात्र रंगावर विसंबू नये. पाइपच्या अंगावर छापलेला मजकूर वाचावा. सीपीव्हीसीवर भारतीय मानकाचा क्रमांक १५७७८ असतो. दोन्ही पाइपांना दुकानात अर्धा इंचीच म्हणत असले, तरी त्यांचा बाहेरचा व्यास वेगळा असतो, त्यामुळे एकाचा पाइप दुसऱ्याच्या फिटिंगमध्ये नीट बसत नाही. बळेच बसवून सोल्युशनने भरलेला जोड काही दिवस टिकल्यासारखा वाटतो आणि मग सुटतो.

सोल्युशन हे चिकटवणारे खळ नव्हे. ते प्लास्टिकचा वरचा थर विरघळवते आणि पाइप व फिटिंग एकमेकांत मुरतात. म्हणून यूपीव्हीसीचा डबा सीपीव्हीसीला चालत नाही. डब्यातले द्रव्य जेलीसारखे घट्ट झाले असेल, तर ते पातळ न करता टाकून द्यावे. पाइप सरळ कापून आतबाहेरचा कीस काढावा, कोरडा करावा, दोन्ही भागांना सोल्युशन लावावे, लगेच आत दाबत पाव वेढा फिरवावा आणि तसाच अर्धा मिनिट धरून ठेवावा. हात लगेच सोडला तर पाइप आपोआप थोडा मागे सरकतो, आणि बहुतेक गळक्या जोडांचे मूळ तिथे असते. पाणी किती वेळाने सोडायचे ते डब्यावर लिहिलेले असते. गरम पाण्यासाठी मी पूर्ण एक दिवस थांबतो. या द्रव्याची वाफ पेट घेते आणि डोके जड करते. त्यामुळे खिडकी उघडी ठेवावी, देवघरातला दिवासुद्धा शांत होऊ द्यावा आणि गीझरचे बटण बंद असावे.

गीझरला प्लास्टिकचा पाइप थेट जोडू नये, मध्ये पितळी आट्यांचा तुकडा किंवा जाळीची नळी घ्यावी. गीझरच्या दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकते म्हणून त्याला बूच मारण्याची पद्धत काही घरांत दिसते. ते कृपा करून कधीही करू नका. वाढलेला दाब बाहेर पडण्याची ती वाट आहे, आणि ती बंद झाल्यास टाकी फुटू शकते.

प्रश्न : बोअरच्या पाण्यामुळे शॉवरची भोके क्षाराने बुजतात. उपाय?

उत्तर : शॉवरचे तोंड काढून काही तास पांढऱ्या व्हिनेगारमध्ये बुडवून ठेवावे आणि जुन्या दातांच्या ब्रशने घासावे. सुई घालून भोके मोठी करू नयेत.

प्रश्न : सांगलीत गावभागात आमचे घर आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात जमिनीखालच्या टाकीत गाळ शिरला होता. तेव्हा आम्ही ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर टाकून ती धुतली आणि सगळ्यांनाच ठसका लागला. पुन्हा वेळ आली तर कोणता मास्क वापरावा?

उत्तर : मास्कचा विचार नंतर करू. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू तयार होतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे टाकीच्या तळाशी, म्हणजे जिथे माणूस वाकून घासतो नेमका तिथे, साचतो. आपल्या घरचे लोक ठसक्यावर निभावले, हे सुदैव समजावे. कापडी मास्क किंवा एन-९५ मास्क धुळीचे कण अडवतो, वायू अडवत नाही. ही दोन द्रव्ये एकत्र आणूच नयेत. गाळ काढून, घासून, धुऊन झाल्यावर ब्लीचिंग पावडर एकटीच पाण्यात कालवून वापरावी. मोरी तुंबल्यावरही हाच नियम पाळावा. तिथे आधी रबरी पंप आणि तारेची स्प्रिंग वापरून पाहावी, ॲसिडची गरज फारशी पडत नाही.

दुसरा धोका रसायनाविनाही असतो. बंद टाकीत कुजलेल्या गाळामुळे प्राणवायू कमी झालेला असतो आणि विषारी वायूही असू शकतो. मोटारचा प्लग नुसता बंद न करता बोर्डातून काढून ठेवावा. झाकणे आदल्या दिवशी उघडावीत, शक्य तेवढे पाणी आणि गाळ वरूनच बादलीने किंवा पंपाने काढावा आणि टाकीच्या तोंडाशी पंखा लावून आत हवा सोडावी. पंख्याची वायर पाण्यात लोंबणार नाही याकडे लक्ष असावे. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधलेला हवा, आणि दोर धरणारा माणूस वर सतत उभा हवा. आतल्याने हाक दिली नाही, तर वरच्याने त्याच्यामागे उतरू नये. दोराने ओढावे आणि ११२ वर फोन करावा, कारण अशा टाक्यांमध्ये वाचवायला उतरलेला माणूसही तिथेच कोसळतो.