लिंगनिरपेक्ष भाषेवरून सोशल मीडियावर एवढं का पेटतं?

तुम्ही विचारलंय की लिंगनिरपेक्ष भाषेचा, म्हणजे बोलताना-लिहिताना कुणाला स्त्री किंवा पुरुष असं गृहीत न धरणाऱ्या भाषेचा, विषय निघाला की सोशल मीडियावर लोक एकमेकांच्या अंगावर का धावून जातात. एकीकडे 'आमचे शब्द हिरावले जातायत', दुसरीकडे 'आम्हाला माणसातच धरत नाहीत'. यात खरं कुणाचं, आणि आपण कुठल्या बाजूला उभं राहायचं? मी मराठी मजकुराचं संपादन आणि अनुवाद करते, त्यामुळे हा विषय रोज माझ्या टेबलावर असतो. माझं मत आधीच सांगून टाकते. यातली बरीच भांडणं कुणी घातलेलीच नाही अशा बंदीवरून होतात. खरोखर घातलेल्या बंद्या वेगळ्या आहेत, आणि त्या बहुतेक वेळा उलट्या बाजूने आलेल्या आहेत.

एक प्रकरण जरा सविस्तर सांगते, कारण बाकीची पुष्कळशी याच वळणाने जातात. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने आपल्या नियमावलीत बदल केले. लगेच पोस्टी फिरू लागल्या की सभापती नॅन्सी पेलोसींनी 'आई', 'वडील', 'मुलगा', 'मुलगी' हे शब्दच बंद केले. रिपब्लिकन नेते केविन मॅकार्थी यांनी ट्विटरवर याला मूर्खपणा म्हटलं आणि खाली सही केली, 'एक बाप, मुलगा आणि भाऊ'. पेलोसींच्या स्वतःच्या ट्विटर ओळखीत 'आई' आणि 'आजी' हे शब्द होते. ते शोधून काढून लोकांनी त्यांना ढोंगी ठरवलं.

आता मूळ कागद पाहा. बदललेलं कलम होतं सदस्यांच्या आचारसंहितेतलं. आपल्या नातेवाइकाला आपल्याच कार्यालयात पगारी जागेवर ठेवू नये, असा तो नियम. 'नातेवाईक' म्हणजे कोण, याची त्यात लांबलचक यादी होती: वडील, आई, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, पुढे काका-मामा, सासू-सासरे, जावई, सून. त्या जागी पालक, अपत्य, भावंड अशा अर्थाचे शब्द आले. यादी आखूड झाली, नियम तोच राहिला. सभागृहात किंवा घरात कुणी कुणाला काय म्हणावं, याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. म्हणजे पेलोसींनी स्वतःला आजी म्हणवून घेण्यात विसंगती काहीच नव्हती. पण एवढं वाचायला ते कलम उघडावं लागतं, आणि मॅकार्थींची सही वाचायला एक सेकंद पुरतो.

पुढच्याच महिन्यात इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या सरकारी रुग्णालयांचं असंच झालं. ट्रान्स पुरुष (जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेले, पण स्वतःला पुरुष मानणारे) किंवा नॉन-बायनरी (स्वतःला फक्त पुरुष किंवा फक्त स्त्री न मानणारी) व्यक्ती बाळंतपणासाठी आली तर तिच्याशी कसं बोलावं, यासाठी त्यांनी कर्मचाऱ्यांना सूचना काढल्या होत्या. 'स्त्री', 'आई', 'स्तनपान' हे शब्द राहतीलच, त्यांच्या सोबत दुसरे शब्दही वापरा, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. बाहेर मात्र गवगवा झाला की सुइणींना 'आई' म्हणायला मनाई केली. 'सोबत'चं 'ऐवजी' झालं. आपल्याकडे याला ध चा मा करणं म्हणतात.

हे वारंवार का होतं? माझ्या मते त्यामागे लोकांचा मूर्खपणा नाही. शांतपणे लिहिलेली दुरुस्ती फिरत नाही आणि संतापाची पोस्ट फिरते, एवढं साधं ते आहे. बंदुका, समलिंगी विवाह आणि हवामानबदल या विषयांवरच्या पाच लाखांहून अधिक ट्विटांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. नैतिक संताप किंवा तशीच भावना व्यक्त करणारा प्रत्येक जादा शब्द ट्विटचा प्रसार सुमारे २० टक्क्यांनी वाढवतो, असं त्यात दिसलं. भाषेचा विषय तर याला अगदी सोयीचा. करप्रणालीवर मत द्यायला थोडा अभ्यास लागतो, पण भाषा प्रत्येकाची असते, म्हणून मतही प्रत्येकाचं तयार असतं. राजकारण्यांना हे नेमकं ठाऊक आहे. यात पैसा खर्च होत नाही, आणि आपला मतदार कोण, परका कोण, हे एका वाक्यात ठरून जातं.

आता खऱ्या बंद्या. जर्मनीत बव्हेरिया राज्याने १ एप्रिल २०२४ पासून सरकारी कार्यालयं, शाळा आणि विद्यापीठांच्या लेखनात शब्दामध्ये तारांकन घालून सर्व लिंगं दाखवण्याची पद्धत बंद केली. त्याआधी फेब्रुवारी २०२४ मध्ये अर्जेंटिनात राष्ट्राध्यक्ष हाविएर मिलेई यांच्या सरकारने केंद्रीय प्रशासनात सर्वसमावेशक भाषेला मनाई केली. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने अमेरिकी केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना ईमेलच्या सहीखालची सर्वनामं (मला 'तो' म्हणा की 'ती', हे सांगणारी) काढून टाकायला सांगितलं. ही सर्वनामं कुणी सक्तीने लिहायला लावली नव्हती, ज्यांना हवी ते लिहीत होते. भाषेवर सरकारी सक्ती नको, असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांना ही उदाहरणं टोचायला हवीत. टोचलेली मला फारशी दिसली नाहीत, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

फ्रान्समध्ये चित्र एवढं सरळ नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये पंतप्रधान एदुआर फिलिप यांनी मंत्रालयांना परिपत्रक काढून सांगितलं की अधिकृत मजकुरात मध्ये टिंबं घालून दोन्ही लिंगं जोडणारं लेखन नको. त्याच परिपत्रकात हेही होतं की पदावर स्त्री असेल तर पदनाम स्त्रीलिंगी लिहा, आणि भरतीच्या जाहिरातीत 'उमेदवार' हा शब्द पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी अशा दोन्ही रूपांत द्या. विरोधकांनी पहिला भाग वाचला, समर्थकांनीही पहिलाच भाग वाचला. २०२१ मध्ये रोबेर या फ्रेंच शब्दकोशाने 'इएल' हे ('तो' आणि 'ती'साठीचे फ्रेंच शब्द जोडून केलेलं) सर्वनाम ऑनलाइन आवृत्तीत घेतलं, शेजारी 'विरळ वापर' अशी नोंदही केली. तरी एका खासदाराने फ्रेंच अकादमी या भाषासंस्थेला तक्रारीचं पत्र धाडलं आणि शिक्षणमंत्री त्याच्या पाठिंब्याला ट्विटरवर उतरले. शब्दकोश वापरात असलेल्या शब्दांची नोंद ठेवतो, तो हुकूम सोडत नाही. संपादनात वर्षानुवर्षं शब्दकोश उशाशी घेऊन बसलेल्या माझ्यासारखीला हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं.

मग समर्थकांचं सगळं बरोबर असतं का? नाही. 'लॅटिनेक्स' या शब्दाचं उदाहरण बोलकं आहे. अमेरिकेतल्या लॅटिन वंशाच्या लोकांसाठी लिंगनिरपेक्ष म्हणून हा शब्द पुढे आला. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संस्थेच्या पाहणीत २०१९ मध्ये त्या समाजातल्या २३ टक्के प्रौढांनी तो ऐकलेला होता आणि ३ टक्के तो स्वतःसाठी वापरत होते. २०२३ मध्ये ऐकलेले ४७ टक्के झाले, वापरणारे ४ टक्के. चार वर्षांच्या वादाने शब्द घरोघरी पोचला, पण ज्यांच्यासाठी तो होता त्यांनी तो घेतला नाही. तरीही तो न वापरणाऱ्याला मागासलेला ठरवणाऱ्या पोस्टी मी वाचल्या आहेत. त्या लिहिणाऱ्यांनी आपल्याच बाजूचं नुकसान केलं, असं माझं स्पष्ट मत आहे. कंपन्या आणि विद्यापीठं शैलीपुस्तिका काढतात तेव्हा कागदावर 'सूचना' असली तरी नोकरीत असलेल्या माणसाला ती आज्ञाच वाटते. सक्तीची भीती पूर्णपणे हवेतली नाही, ती इथून येते.

उलट स्वीडनमध्ये 'हेन' या, स्त्री-पुरुष कुणालाही चालणाऱ्या सर्वनामावर २०१२ मध्ये असाच गदारोळ झाला होता. तेव्हा पाहण्यांत बहुतेकांचं मत विरोधात होतं, पुढच्या दोन-तीन वर्षांत ते अनुकूल होत गेलं. २०१५ मध्ये स्वीडिश अकादमीच्या शब्दसूचीत तो शब्द आला. जुनी दोन्ही सर्वनामं जागच्या जागी राहिली, त्यात एक तिसरं मिळालं. लोकांना काही गमावल्यासारखं वाटलं नाही, म्हणून ते रुळलं असावं.

भाषेतल्या लिंगाने मुळात काही फरक पडतो का, हा प्रश्न खरा आहे का, असंही तुमच्या प्रश्नाखाली एकाने विचारलंय. आहे. फ्रेंच आणि जर्मन वाचकांवर झालेल्या प्रयोगांत (त्यातला २००८ चा बराच गाजला) असं दिसलं की व्यवसायाचं नाव पुल्लिंगी अनेकवचनात दिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पुरुषच येतात, अगदी तो व्यवसाय मुख्यतः स्त्रियांचा असला तरी. 'पुल्लिंगात सगळे आलेच' हे व्याकरणात खरं असेल, वाचणाऱ्याच्या मनात ते तसं घडत नाही.

मराठीचं म्हणाल, तर आपल्या टाइमलाइनवरचं निम्मं भांडण बाहेरून आलेलं असतं. सप्टेंबर २०२१ मध्ये क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसी या इंग्लंडमधल्या क्लबने त्या नियमांत 'बॅट्समन'च्या जागी 'बॅटर' आणलं, तेव्हा मराठीतही लोक तावातावाने भांडले. फलंदाज आणि गोलंदाज म्हणणाऱ्यांना त्यात बदलायचं काय होतं? याउलट १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत 'तो' या सर्वनामात पुरुष आणि स्त्री यांच्यासोबत तृतीयपंथी व्यक्तीही येते, अशी व्याख्या आहे. जुन्या दंड संहितेत फक्त पहिली दोन होती. केवढा मोठा बदल, पण त्यावर माझ्या टाइमलाइनवर एकही भांडण दिसलं नाही.

आपली खरी अडचण सर्वनामात कमी आणि क्रियापदात जास्त आहे. ॲपसाठी मजकूर येतो: 'तुम्ही लॉग आउट झाला आहात'. वाचणारी बाई असेल तर हे चुकलं. मी ते 'तुमचं लॉग आउट झालं आहे' असं करते. 'जो विद्यार्थी गैरहजर राहील त्याला' याचं 'गैरहजर राहणाऱ्यांना' होतं. 'अर्जदाराने सही करावी' यात तर क्रियापद सहीच्या मागे जातं, अर्जदार कुणीही असो. यात नवा शब्द नाही, तारांकन नाही, वाचणाऱ्याला काही बदललंय हे कळतही नाही. सरकारी आणि व्यावसायिक मजकुराचा मोठा भाग एवढ्याने निभावतो.

निभावत नाही ते प्रथमपुरुषी बोलण्यात. 'मी थकलो' किंवा 'मी थकले', तिसरी वाट नाही. नपुंसकलिंग आहे, पण ते आपण लहान मुलाला किंवा वस्तूला लावतो, मोठ्या माणसाला लावलं तर अपमान वाटतो. स्वतःला पुरुष किंवा स्त्री यापैकी काहीच न मानणाऱ्या व्यक्तीला मराठीत दिवसभर, तोंड उघडलं की निवड करावी लागते. 'मला थकवा आलाय' म्हणून एखादं वाक्य निसटतं, सगळा दिवस नाही निसटत. यावर उत्तर ती माणसंच बोलता बोलता काढतील, तुम्ही-मी नाही.

म्हणून बाजू कुठली, हे मला असं वाटतं: कायद्याने शब्द लादणं नको आणि कायद्याने शब्द काढून घेणंही नको. समोरच्या व्यक्तीने 'माझ्याबद्दल असं बोला' म्हटलं, तर तसं बोलावं. त्याला धोरण लागत नाही. आणि 'अमुक शब्दावर बंदी' अशी पोस्ट दिसली तर तीन गोष्टी शोधा: नियम कुणासाठी आहे, तो कुठल्या कागदापुरता आहे, आणि त्यात 'ऐवजी' लिहिलंय की 'सोबत'. मी सापडलेलं मूळ कलम पोस्टखाली चिकटवते आणि वाद घालत बसत नाही. पोस्ट लिहिणाऱ्याचं मत त्याने क्वचितच बदलतं. पण खाली काही न बोलता वाचणारे पुष्कळ असतात, आणि तुम्हाला पडलेला प्रश्न त्यांनाही पडलेला असतो.