आईच्या हत्तीरोगाच्या पायाला पट्टी बांधली की बोटं निळी पडतात. तशीच ठेवावी का?

नाही, लगेच सोडा. बोटं निळी-गार पडणं, मुंग्या येणं म्हणजे रक्तपुरवठा अडतोय. पुन्हा बांधण्याआधी डॉक्टरांकडून घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून घ्या. घोट्याचा दाब दंडाच्या निम्म्याहून कमी भरला तर घट्ट पट्टी चालतच नाही. आईंना मधुमेह असेल तर जास्तच जपा. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला पट्टीचा काच कळत नाही, जखम झाल्यावरच दिसते. पट्टीचा दाब घोट्याशी जास्त आणि वर कमी होत गेलेला हवा, गुडघ्यामागे वळी नको. आपल्या मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात घामाने बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, तिथूनच जंतू शिरतात. रोज पाय धुऊन बेचक्या कोरड्या करा. पाय लाल-गरम होऊन थंडीताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.