गाडी आली, आता आधी उतरून चालायला शीक

ऑफ-रोडिंगला, म्हणजे चिखल-ओढ्यांतून चालवायला, थार घेतलीस, फार बरं वाटलं गं. पण लगेच विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र) नि स्नॉर्कलचे (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी) भाव विचारलेस म्हणून हे लिहितोय. सध्या दोन्ही नको. आधी टायर गेज आणि छोटा कंप्रेसर घे, कारण चिखलात शिरण्याआधी हवा 20 पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो नि पकड येते, आणि परत घोडबंदर रोडला लागायच्या आत ती भरायलाच लागते, नाहीतर स्पीडला टायर तापतो.

मुरबाड-शहापूरकडे पावसात ओढे लागतील. तळ दिसत नसेल तर उतर, हातात काठी घे आणि चालून बघ, दगड कुठेत, पलीकडची कड किती उभी आहे. गाडी 650 मिमी खोल पाण्यातून जाते असा आकडा कंपनी देते खरा, पण वाहतं पाणी त्याच्या निम्मं असलं तरी गाडी ढकलू शकतं, त्यामुळे जोर दिसला तर पायही घालू नकोस, सरळ मागे फिर. आणि पाण्यात इंजिन बंद पडलंच तर परत सेल मारू नको, सिलेंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

चढावर फोर-लो (चारही चाकांना ताकद, हळू गियर), अ‍ॅक्सिलरेटरवर पाय एकसारखा. मध्येच अडकलीस तर ब्रेक, रिव्हर्स, आणि सरळ रेषेत खाली, क्लच न दाबता. तिथे वळवायला गेलीस की गाडी आडवी होते नि उलटते, हे एवढं तरी पाठ कर.

चाक जागेवर फिरायला लागलं की बाकीचे ओरडतात, मार मार, निघेल! तेव्हाच पाय काढायचा. चाक नुसतं खड्डा खणत असतं आणि गाडी डिफरन्शियलवर, म्हणजे अ‍ॅक्सलच्या मधल्या गोळ्यावर, बसली की मग फावडंच. मला ड्रायव्हर कळतो तो इथे, ओरडा चालू असताना शांतपणे खाली उतरतो त्यावरून.

येऊरला ट्रॅक आहे का विचारलंस, नाही, ते नॅशनल पार्क आहे. खाडीकाठच्या कांदळवनात आणि कुणाच्या भातखाचरातही चाक घालायचं नाही, बांध फुटला की त्या माणसाचं पाणी जातं.

रविवारी जाऊ तेव्हा दोन गाड्या असतील, एकटीने कधीच जाऊ नकोस. टो हुक (गाडी ओढायला दोर अडकवायचा आकडा) कुठे बसतो ते मॅन्युअलमध्ये आधीच बघून ठेव, चिखलात झोपून शोधायला लागू नये.