ख्रिस्ती घरातल्या मुलांसाठी पुस्तकं आणि व्हिडिओ गेम कसे निवडावेत?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा चौदा वर्षांचा, रोज मित्रांबरोबर स्क्वाड करून बंदुकीचा गेम खेळतो. मुलगी अकराची, हॅरी पॉटरच्या दुसऱ्या भागात रमली आहे. मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एक ज्येष्ठ भगिनी प्रार्थनेला घरी आल्या, टेबलावरचं पुस्तक बघितलं आणि म्हणाल्या, "असलं घरात ठेवू नका, जाळून टाका." तेव्हापासून तुम्हाला झोप नाही, आणि ख्रिस्ती कुटुंबाला चालतील अशा पुस्तकांची नि गेमची यादी हवी आहे.

मी नगरची. आमच्या मंडळीत अकरा वर्षं शब्बाथ शाळेचा, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाचा, मोठ्या मुलांचा वर्ग घेते. घरात सोळा वर्षांचा मुलगा आणि तेरा वर्षांची मुलगी आहे. अशी यादी मीही शोधत होते, सापडलीही होती, फ्रिजवर चिकटवलीही होती. तिचा उपयोग झाला नाही. यादी घरात राहते आणि मूल मित्राकडे जातं, ट्यूशनला जातं, मामाचा फोन हातात घेतं. तिथे त्याच्याबरोबर जाते ती फक्त त्याची स्वतःची पारख. पवित्र शास्त्रात थेस्सलनीकाकरांना प्रेषित पौल लिहितो, सर्व गोष्टींची पारख करा, चांगलं ते बळकट धरा. तेव्हा मुलांना पारख करायला शिकवायची, आणि ती आपण शेजारी बसल्याशिवाय शिकवता येत नाही, एवढंच मला सांगायचं आहे. खालचं सगळं त्याचाच तपशील आहे.

आधी जाळण्याबद्दल. त्या भगिनींच्या मनात बहुतेक प्रेषितांची कृत्ये, अध्याय १९ असणार. इफिस शहरात जादूटोणा करणाऱ्यांनी आपली पुस्तकं आणून सगळ्यांसमोर जाळली, त्यांची किंमत पन्नास हजार नाणी झाली. तो उतारा नीट वाचा. पौलाने कुणाच्या घरात शिरून पुस्तकं काढली नाहीत. ज्यांची होती त्यांनी स्वतः आणली, आणि ती गोष्टीची पुस्तकं नव्हती, प्रत्यक्ष मंत्रतंत्र करायची होती. आता दोन पानं मागे जा, अध्याय १७. तोच पौल अथेनैमध्ये उभा आहे, समोर मूर्तिपूजक विद्वान आहेत, आणि तो त्यांच्याच कवींची ओळ म्हणून दाखवतो. म्हणजे ते कवी त्याने वाचले होते, पाठही होते. वर्गात मी हे दोन्ही अध्याय एकामागोमाग वाचायला लावते आणि कोणतं पुस्तक अथेनैचं, कोणतं इफिसचं, हे मुलांनाच विचारते. मुलं आपल्यापेक्षा नेमकी उत्तरं देतात.

जादूचं तेच आहे. पवित्र शास्त्रातल्या अनुवाद या पुस्तकाच्या अध्याय १८ मध्ये मनाई आहे ती शकुन बघण्याची, भुताखेतांना विचारण्याची, देवाला सोडून दुसरीकडून भविष्य नि शक्ती मिळवण्याची. गोष्टीत एखादी मुलगी झाडूवर बसून उडते, याला ती मनाई लावायची तर नार्नियाची पुस्तकंही बाहेर काढावी लागतील. त्यांत चेटकीण आहे, मंत्र आहेत, बोलणारे प्राणी आहेत. ती सात पुस्तकं १९५० ते १९५६ या काळात प्रसिद्ध करणारे सी. एस. लुईस तरुणपणी नास्तिक होते, १९३१ मध्ये ख्रिस्ताकडे परतले, आणि त्यांचा सिंह दुसऱ्याच्या अपराधासाठी मरतो नि पुन्हा उठतो. म्हणून "यात जादू आहे का?" हा प्रश्न मी सोडून दिला. मी विचारते, या गोष्टीत चांगल्याला चांगलं आणि वाइटाला वाईट म्हटलंय का? आणि पुस्तक मिटल्यावर मूल काय करतंय? मुलगी पुस्तक वाचून अंगणात काठी फिरवत असेल तर ते खेळणं आहे. मैत्रिणींबरोबर पेन्सिली ठेवून आत्म्याला प्रश्न विचारत असेल, फोनवर टॅरोचं ॲप उघडत असेल, तर मात्र लगेच जवळ बसवून बोला. ते इफिसचं आहे. आणि मनापासून सांगते, आपल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत सकाळच्या पेपरातलं राशिभविष्य वाचलं जातं. त्याबद्दल कुणी काही बोलत नाही. मुलं हे बघतात.

हॅरी पॉटरबद्दल माझं मत विचारलंत म्हणून सांगते. पहिले तीन भाग अकराव्या वर्षी चालतील. चौथ्यापासून मरण, छळ, भीती वाढत जाते, तिथे मी माझ्या मुलीला वर्षभर थांबवलं होतं. शेवटचा भाग वाचताना एका दुपारी ती पानात बोट धरून स्वयंपाकघरात पळत आली. "आई, हे आपल्या बायबलातलं आहे ना?" हॅरीच्या आईवडिलांच्या थडग्यावर कोरलेली ओळ होती, शेवटचा शत्रू जो मृत्यू तो नाहीसा केला जाईल. माझे हात पिठाचे होते. तिलाच पवित्र शास्त्र आणायला सांगितलं, करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय १५, ओवी २६. मग ती तिथेच ओट्याला टेकून पुढचा सगळा अध्याय वाचत राहिली. पुस्तक जाळलं असतं तर ती दुपार मला मिळाली नसती.

आता मुलाचा गेम. इथे मी तुम्हाला थोडं सावध करणार आहे, कारण बहुतेक आईवडील फक्त बंदूक बघतात. मारामारी पवित्र शास्त्रातही आहे. शास्ते हे पुस्तक दहा वर्षांच्या मुलाला मी एकट्याला वाचायला देणार नाही. पण तिथे रक्ताला किंमत आहे. दावीद राजाने आपल्याच सैनिकाला, उरीयाला, मारवलं, तर नाथान संदेष्टा जाब विचारायला येऊन दारात उभा राहतो. गेममध्ये बहुतेक वेळा नाथान येत नाही. मारलेला माणूस दोन सेकंदांत खोका होऊन पडतो आणि त्यातून गोळ्या मिळतात. हे मुलाला कुणीतरी दाखवून द्यायला हवं, ओरडून नव्हे.

मी काय केलं ते सांगते. वर्गातले सहा-सात मुलगे उपासना संपली की पायरीवर बसून कुणी किती किल घेतले तेच बोलायचे. एका रविवारी गेमचं नावही न काढता मी ना. वा. टिळकांची "केवढे हे क्रौर्य!" ही कविता वाचली. शिकाऱ्याने घायाळ केलेली पक्षीण, चोचीत घास धरून कशीबशी घरट्यापर्यंत येते, पिलांना भरवते नि मरते. टिळक आपल्याच नगरला राहिलेले, म्हणून मुलांना ते ऐकून माहीत असतात. वाचून झाल्यावर मी पुस्तक मिटलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग सगळ्यात दंगेखोर मुलगा म्हणाला, "टीचर, पण पिलांचं पुढे काय झालं?" त्याने गेम सोडला नाही. पण पुढच्या आठवड्यात तोच मला विचारायला आला की सैनिक झालेला ख्रिस्ती माणूस गोळी मारताना काय विचार करत असेल. चौदाव्या वर्षी हा प्रश्न पडणं मला फार मोलाचं वाटतं.

वय बघायची एक सोपी सोय आहे. प्ले स्टोअरवर गेमच्या नावाखाली ३+, ७+, १२+, १६+, १८+ असा आकडा असतो. युरोपात २००३ पासून पेगी नावाची पद्धत आहे, तिचेही हेच टप्पे. त्या आकड्यावर बोट ठेवलं की कशामुळे दिला तेही कळतं. १८ चा आकडा असेल तर चौदाव्या वर्षी नाही म्हणजे नाही. जीटीए फाइव्हला पेगीचा १८ आहे, आणि "सगळे मित्र खेळतात" या एका वाक्यावर आमच्या वर्गातल्या निम्म्या घरांनी तो येऊ दिला. तिथे ठाम राहा.

पण आकडा दोन गोष्टी पुरेशा सांगत नाही, पैसा आणि अनोळखी माणसं. मला आमच्या घरात फसवलं ते पैशाने. मुलगा तेरा वर्षांचा असताना यांच्या फोनवरून चार दिवसांत २,३०० रुपये गेले. बंदुकीवर चढवायचं रंगीत आवरण, ज्याला मुलं स्किन म्हणतात, ते थेट विकत मिळत नव्हतं. पैसे देऊन क्रेट, म्हणजे बंद खोका, उघडायचा, आत काय निघेल ते नशीब. चाळीस क्रेट उघडले तरी हवं ते निघालं नाही. हा सरळ मटका आहे, फक्त रंगीत. पेगीनेही २०२० पासून असल्या नशिबाच्या खरेदीची वेगळी सूचना लावायला सुरुवात केली. आपल्याकडे २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आली, पण हे क्रेट मुलांच्या गेममध्ये आहेतच. आम्ही मुलाला मारलं नाही. यूपीआयचा पिन बदलला, आणि दर महिन्याच्या खाऊच्या पैशांतून त्याने ते २,३०० फेडले, अकरा महिने लागले. लोभावर मी अकरा वर्षांत दिलेल्या कुठल्याही पाठापेक्षा तो पाठ त्याच्या लक्षात आहे.

अनोळखी माणसांचं म्हणजे व्हॉइस चॅट, खेळता खेळता एकमेकांशी बोलणं. संध्याकाळी मुलाच्या शेजारी बसा आणि एकदा हेडफोन काढून स्पीकरवर ऐका. शिव्या गेममधून येत नाहीत, त्या पलीकडच्या कुणा पंचवीस वर्षांच्या माणसाच्या तोंडून येतात. फक्त ओळखीच्या मित्रांचा स्क्वाड, बाकीच्यांचा आवाज बंद, फोन बाहेरच्या खोलीत. रोब्लॉक्समध्ये तर एका ॲपमध्ये लोकांनी बनवलेले असंख्य खेळ असतात, तिथे ॲप एकदा तपासून भागत नाही. वेळेचं मी एकच बंधन पाळते, शनिवारी रात्रीचा सामना रविवारच्या उपासनेच्या झोपेवर येता कामा नये.

"ख्रिस्ती" असं लेबल असलेलं सगळं डोळे मिटून घेऊ नका. २००६ मध्ये अमेरिकेत 'लेफ्ट बिहाइंड' या गाजलेल्या ख्रिस्ती कादंबऱ्यांवरून गेम निघाला. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर विश्वासणाऱ्यांची फौज ख्रिस्तविरोधकाच्या माणसांशी लढते. माणूस मारला की आपल्या पात्राचं आत्मिक बळ घटतं, आणि प्रार्थना करायला लावली की परत भरतं. मला हे वाचून धस्स झालं. प्रार्थनेची अशी किंमत शिकवण्यापेक्षा मुलाने साधं माइनक्राफ्ट, ठोकळ्यांनी बांधकाम करायचा गेम, खेळलेलं बरं. त्यात राक्षसच नकोत तर पीसफुल नावाची सोयही आहे. आमच्या तरुण संघातल्या दोघांनी त्यात शलमोनाचं मंदिर बांधलं, मापं राजे या पुस्तकातून काढून. हाताचं माप ठोकळ्यांत कसं बसवायचं यावर त्यांचं दोन दिवस भांडण चाललं होतं.

उलट एक गेम आहे, दॅट ड्रॅगन, कॅन्सर, २०१६ चा. कोलोरॅडोतल्या एका ख्रिस्ती जोडप्याने आपल्या लहानग्या जोएलच्या आजारपणावर तो बनवला. जोएल २०१४ मध्ये गेला, पाच वर्षांचा होता. दोनेक तासांचा आहे, जिंकणं-हरणं काही नाही. बाप प्रार्थना करतो, आई विश्वास धरून राहते, आणि बरं होणं येत नाही. माझ्या मुलाबरोबर मी तो मागच्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, खेळले. मुलाला एकट्याला देऊ नका, बरोबर बसा, आणि घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर थोडं थांबा.

पुस्तकांत आपलं स्वतःचं केवढं आहे, हे मंडळीतल्या मुलांना माहीतच नसतं. लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, स्मृतिचित्रे, चौदाव्या वर्षी जरूर द्या. १८९५ मध्ये नवरा, म्हणजे वरच्या कवितेचे ना. वा. टिळक, ख्रिस्ती झाला, बाई काही वर्षं दूर राहिल्या, मग आल्या, आणि हे सगळं त्या इतकं खरं नि हसतखेळत सांगतात की मुलं मध्ये थांबत नाहीत. विश्वास म्हणजे एका दिवसात पडलेला प्रकाश नव्हे, घालमेल असते, हे आमच्या वर्गातल्या मुलींना त्यातून कळलं. बाबा पदमनजींचं यमुनापर्यटन १८५७ चं, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून सांगतात. भाषा जुनी आहे, उपदेश फार आहे, मुलांना एकट्याने झेपत नाही. निवडक पानं मोठ्याने वाचून दाखवा. कॉरी टेन बूम यांचं द हायडिंग प्लेस तुमच्या मुलाला आवडेल. घड्याळजींचं घर, भिंतीआड लपवलेले ज्यू, मग छळछावणी. इंग्रजी सोपं आहे.

परदेशी परीक्षणं बघायची असतील तर प्लग्ड इन आणि कॉमन सेन्स मीडिया या दोन जागा कामाच्या आहेत. पहिली ख्रिस्ती संस्थेची आहे, दुसरी नाही, म्हणून दोन्ही बघा. शिव्या किती, रक्त किती हे तिथे बारकाईने मिळतं. पण ती अमेरिकन घरांसाठी लिहिलेली असतात, यूपीआयचा पिन कुणाला माहीत आहे ते तिथे कळणार नाही.

गेम रात्री मुलगा झोपल्यावर काढून टाकायचा सल्ला तुम्हाला मिळालाय, तो ऐकू नका. आम्ही एकदा केलं होतं. तो मित्राच्या घरी खेळला आणि चार महिने खोटं बोलला. त्यापेक्षा आज त्याला म्हणा, मला शिकव. पहिल्याच मिनिटाला तुम्ही मराल, तो हसेल, मग समजावून सांगेल. तेव्हा विचारा काय विचारायचं ते.

आणि मुलीचं पुस्तक अर्ध्यात काढून घेऊ नका. पहिला भाग घरात असेलच, आज रात्री प्रार्थनेनंतर तुम्ही तो सुरू करा. रोज पन्नास पानं वाचलीत तर आठवड्या-दीड आठवड्यात तिला गाठाल.